मोडलेल्या लोखंडाची साक्ष

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आगगाडी रुळांवरून घसरते, पूल नदीत कोसळतो, कारखान्यात बॉयलर फुटतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मृतांचा आकडा येतो, मंत्रिमहोदयांची भेट येते, नुकसानभरपाईची घोषणा येते आणि पुष्कळदा त्याच बातमीच्या शेवटी अपघाताचे कारणही येते. चालकाचे दुर्लक्ष झाले, कामगाराने निष्काळजीपणा केला, गर्दी फार झाली, किंवा मग पाऊसच असा झाला की माणसाचा इलाज चालेना. इतक्या तातडीने हाती आलेले कारण कधी खरेही निघते. पण ते शोधलेले नसते, सोयीचे म्हणून उचललेले असते.

अशा प्रत्येक जागी एक साक्षीदार मात्र हजर असतो. तो कोणाच्या नोकरीत नसतो, त्याला बढती नको असते आणि त्याच्यावर दडपण आणता येत नाही. तो साक्षीदार म्हणजे मोडलेला धातू. त्याची साक्ष काढण्याचे शास्त्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत उभे राहिले आहे. हा विषय अभियंत्यांचा म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु त्या साक्षीत काय सांगितले जाते आणि ती कोठे संपते, हे समजून घेणे श्रमिकांच्या चळवळीला अत्यंत आवश्यक आहे. अपघातात मरणारे आणि अपघातानंतर आरोपी ठरणारे हे दोन्ही बहुधा याच वर्गातले असतात.

धातू काय सांगतो?

पोलादाची कांब एकदाच येणाऱ्या फार मोठ्या भाराखाली तुटली, तर ती सामान्यतः आधी ताणली जाते, तुटण्याच्या जागी बारीक होते आणि मग तुटते. कडाक्याच्या थंडीत, किंवा घडणीतच दोष राहिला असेल तर, पोलाद काचेसारखे न ताणता फुटते. पण यंत्रयुगातील सर्वांत कपटी प्रकार तिसरा आहे. रोजचा, नेहमीचा, सुरक्षित समजला गेलेला भार हजारो वा लाखो वेळा येत-जात राहिला, म्हणजे त्या साध्या भाराखालीच धातू तुटतो. हाताने न तुटणारी तार पुढे-मागे वाकवीत राहिले की तुटते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. यालाच धातूचा थकवा म्हणतात. एखादे छिद्र, एखादी खाच, अणकुचीदार कोपरा किंवा गंजाने पडलेला खड्डा असेल तेथे बारीकसा तडा जन्म घेतो आणि पुढे भाराच्या प्रत्येक फेऱ्यागणिक तो केसाच्या अंशाने सरकतो.

या सरकण्याची नोंद मोडलेल्या पृष्ठभागावर राहते. भरती-ओहोटीने किनाऱ्याच्या वाळूवर उमटाव्यात तशा कमानदार रेषा तेथे दिसतात. त्या रेषांचा माग काढीत गेले की तडा कोठून निघाला, ती जागा सापडते. गुळगुळीत भाग हा जुन्या तड्याचा, खडबडीत भाग हा अखेरच्या क्षणाचा. गुळगुळीत भाग मोठा असेल, तर त्याचा अर्थ असा की हा भाग त्या दिवशी मोडलेला नाही. तो कित्येक महिने मोडतच होता, शेवटच्या धक्क्याने केवळ काम पुरे केले. ज्याच्या हातात त्या दिवशी इंजिनाची मूठ होती, त्या माणसाच्या दृष्टीने या फरकाचे मोल किती आहे, हे सांगावयास नको.

हे ज्ञान सुखासुखी मिळाले नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गर्दीने भरलेल्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे त्यावर येऊन आदळले आणि आग लागली. निदान पन्नास माणसे जळून मेली. अशा मोडलेल्या आसांचा अभ्यास करून स्कॉटिश अभियंता रँकिन याने १८४३ मध्ये दाखविले की आस एकाएकी तुटत नाही. जेथे त्याची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून तडा हळूहळू आत शिरतो, म्हणून तो कोपरा गोलसर हवा. वापराने लोखंडाचे तंतू जाऊन त्याचे स्फटिक बनतात, असा समज त्या काळी रूढ होता. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता व्होलर याने १८५० ते १८७० या काळात आसांवर पद्धतशीर चाचण्या घेतल्या आणि किती ताण किती वेळा दिला असता पोलाद तुटते, याचा हिशेब मांडला. थकव्याच्या शास्त्राचा तो पाया होय.

मात्र १८४२ च्या त्या गाडीत आणखी एक गोष्ट होती. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. उतारूंनी मध्येच उतरू नये म्हणून ती पद्धत होती आणि म्हणूनच आतली माणसे बाहेर पडू शकली नाहीत. आस का मोडला, हे धातूने सांगितले. दाराला कुलूप का होते, हे सांगणे धातूच्या शक्तीबाहेरचे आहे. अपघाताच्या चौकशीत हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देते. दुसऱ्याचे उत्तर निर्णयांच्या आणि हिशेबांच्या कागदांत असते, आणि चौकशी बहुधा तेथे पोचण्याच्या आधीच आटोपते.

पाण्याच्या टाकीतील विमान

पहिला प्रश्न चिकाटीने विचारला तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटनचे कॉमेट विमान. जगातील हे पहिले जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आले. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून कोसळले आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. त्याचा दोष वादळाकडे गेला. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले दुसरे कॉमेट निरभ्र आकाशात एल्बा बेटाजवळ फुटून समुद्रात पडले; ३५ जण गेले. विमाने थांबविण्यात आली. कारण सापडले नव्हते. तरीही संशयास्पद वाटलेल्या अनेक गोष्टींत सुधारणा करून २३ मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली. सोळाच दिवसांनी, ८ एप्रिलला, तिसरे कॉमेट नेपल्सजवळ नाहीसे झाले. त्यात २१ माणसे होती.

त्यानंतर जे झाले ते खरे संशोधन. ब्रिटिश आरमाराने एल्बाजवळच्या समुद्रतळातून विमानाचा बहुतांश सांगाडा वर काढला. फार्नबरो येथील सरकारी संशोधन संस्थेत, सर आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली, तुकड्याला तुकडा जोडून विमान पुन्हा उभे करण्यात आले. पंखावर उमटलेला प्रवासी कक्षाच्या रंगाचा ओरखडा सांगत होता की पंख गळून पडण्याच्या आधी कक्ष फुटला होता. त्याच वेळी दुसरे एक वापरातले कॉमेट प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या कक्षात पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढविण्यात व उतरविण्यात आला. प्रत्येक फेरा म्हणजे एक उड्डाण. हवेऐवजी पाणी घेण्याचे कारण असे की पाणी दाबाखाली आकुंचन पावत नाही; कक्ष फुटला तरी स्फोट होत नाही आणि तडा जसाच्या तसा पाहावयास मिळतो. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतील फेरे मिळून ३,०५७ व्या खेपेस खिडकीच्या कोपऱ्यापासून कक्ष फाटला. समुद्रातून निघालेल्या विमानाच्या छपरावरील लहान खिडकीच्या कोपऱ्यावरही थकव्याचाच तडा मिळाला.

उत्पादकांनी पूर्वी चाचणी घेतली नव्हती असे नाही. त्यांचा नमुना सोळा हजारांहून अधिक फेरे टिकला होता. पण त्याच नमुन्यावर आधी फार मोठ्या दाबाची दुसरी चाचणी झालेली होती. त्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतील धातू किंचित ताणून आणखी कणखर झाला होता. म्हणजे चाचणीतला नमुना प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या विमानाहून बळकट होऊन बसला होता. तपासणी झाली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. काय तपासले आणि कसे तपासले, हे विचारावे लागते.

ही चौकशी सार्वजनिक संस्थेने केली, लॉर्ड कोहेन यांच्या न्यायासनापुढे ती उघडपणे चालली आणि तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यामुळे ते ज्ञान एका कंपनीच्या कपाटात न राहता जगातील सर्व विमानबांधणीच्या उपयोगी पडले. मात्र कारण ठाऊक नसताना मार्चमध्ये विमाने पुन्हा का उडविली गेली, हा प्रश्न पाण्याच्या टाकीत सुटणारा नव्हता. राष्ट्राची प्रतिष्ठा, परदेशी मागणी आणि जमिनीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक विमानाचा दैनंदिन तोटा, या गोष्टी तेथे वजन टाकीत होत्या.

वहीतला घसारा आणि धातूतला घसारा

येथून विषय अर्थशास्त्राच्या दारात येतो. हिशेबनीस यंत्राचा किंवा पुलाचा घसारा लावतो. सर्वांत सोप्या रीतीने तो दरवर्षी सारखा हप्ता वजा करतो आणि ठराविक वर्षांनी मालमत्तेची पुस्तकी किंमत शून्यावर येते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्यानंतरचे प्रत्येक वर्ष निव्वळ फायद्याचे. धातू ही रीत पाळत नाही. त्यातला तडा आयुष्याचा फार मोठा काळ इतका संथ वाढतो की तो दिसतही नाही. शेवटी मात्र त्याची गती झपाट्याने वाढत जाते. 'इतकी वर्षे काही झाले नाही' हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. वहीत यंत्र जितके स्वस्त होते, तितके ते प्रत्यक्षात धोक्याचे होत जाते.

अमेरिकेत ओहायो नदीवर पॉइंट प्लेझंट येथे १९२८ मध्ये 'सिल्व्हर ब्रिज' हा झुलता पूल बांधला गेला. तारांच्या दोरांऐवजी दोन्ही टोकांना भोके असलेल्या पोलादी पट्ट्यांची साखळी त्यात वापरली होती आणि प्रत्येक दुव्यात अशा केवळ दोनच पट्ट्या होत्या. चाळीस वर्षांत मोटारी वाढल्या, मालट्रक जड झाले. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळच्या वर्दळीत त्यातील एक पट्टी तुटली, दुसरी खुंटीवरून निसटली आणि सबंध पूल नदीत गेला. ४६ माणसे दगावली. तपासात आढळले की पट्टीच्या भोकाच्या कडेला, ताण आणि गंज यांच्या संयुक्त परिणामाने, अडीच-तीन मिलिमीटर खोलीचा तडा पडला होता. सांधा उलगडल्याशिवाय तो कोणालाही दिसणे शक्य नव्हते. एक पट्टी गेली तर भार पेलणारे दुसरे काहीच ठेवलेले नव्हते. पर्यायी आधार हा सुरळीत चाललेल्या काळात अनावश्यक खर्च दिसतो. त्याची गरज आयुष्यात एकदाच लागते आणि तेव्हा तो मागाहून बसविता येत नाही. या दुर्घटनेनंतरच अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीची देशव्यापी मानके तयार झाली.

महाडजवळचा सावित्री नदीवरील दगडी पूलही त्याच १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन बसगाड्या उतारूंसह त्यात गेल्या. दगडी कमान आणि पोलादी साखळी यांचे शास्त्र वेगळे, नदीचा लोंढाही वेगळा. पण आयुष्य संपत आलेल्या बांधकामाकडे पाहण्याची रीत तीच. जुना पूल वापरात ठेवणे फुकट आहे, असे धरून चालायचे.

शेजारी पडून राहिलेला रूळ

आतापर्यंतच्या उदाहरणांत तडा अज्ञात होता, असे म्हणण्यास जागा आहे. इंग्लंडमधील हॅटफील्डच्या अपघातात तीही जागा उरत नाही. ब्रिटिश सरकारने १९९० नंतरच्या दशकात रेल्वेचे खाजगीकरण केले. लोहमार्ग 'रेलट्रॅक' या कंपनीच्या मालकीचे झाले, त्यांची देखभाल कंत्राटदारांकडे गेली आणि गाड्या तिसऱ्याच कंपन्या चालवू लागल्या. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने हॅटफील्डजवळ आली असता तिच्याखाली रूळ फुटला. त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चारजण ठार झाले, सत्तरहून अधिक जखमी झाले.

चाके पुन्हा पुन्हा एकाच कडेवर घासत-दाबत गेल्याने रुळाच्या आतल्या कडेला असंख्य बारीक चिरा पडतात. त्यातील काही खाली वळून रुळाच्या गाभ्यात उतरतात. हॅटफील्डच्या रुळाची ही अवस्था अपघाताच्या कित्येक महिने आधीपासून ठाऊक होती. तो बदलण्याचे ठरले होते. इतकेच नव्हे, तर नवा रूळ आणून मार्गाच्या कडेला ठेवलेलाही होता. बसविला मात्र गेला नाही आणि दरम्यान गाड्यांचा वेगही कमी केला गेला नाही. मार्ग काही तास बंद ठेवणे म्हणजे गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांना भरपाई देणे. रूळ बसविण्याचे काम कोणाच्या कंत्राटात, तपासणीची जबाबदारी कोणाची, निर्णय कोणाचा, याचे तुकडे रुळाच्या तुकड्यांपेक्षा कमी नव्हते. पूर्वी एकाच संस्थेतील अभियंत्यांच्या अनुभवात साठलेले ज्ञान या वाटणीत विखुरले गेले होते.

अपघातानंतर देशभर शेकडो ठिकाणी गाड्यांचा वेग उतरवावा लागला. वर्षभरात रेलट्रॅक दिवाळखोरीच्या कारभारात गेली आणि २००२ मध्ये लोहमार्ग 'नेटवर्क रेल' या नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेकडे आले. खटल्यात मनुष्यवधाच्या आरोपातून सर्व व्यक्ती सुटल्या. २००५ मध्ये कंत्राटदार कंपनीला आणि रेलट्रॅकची वारस म्हणून नेटवर्क रेलला दंड झाला. म्हणजे खाजगी कंपनीच्या काळातील गुन्ह्याचा दंड अखेर या नव्या संस्थेने भरला. धातूने आपली साक्ष चोख दिली होती. ती ऐकून दोषी कोणाला धरायचे, याची सोय मात्र कायद्यात नव्हती. असे काही खटले फसल्यानंतर तेथे २००७ मध्ये कंपन्यांच्या मनुष्यवधाचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

आपल्याकडे

गुजरातमध्ये मोरबी येथे मच्छू नदीवरचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला. १३५ माणसे मेली, त्यांत कित्येक बालके होती. एकोणिसाव्या शतकातला हा पूल नगरपालिकेने चालविण्यासाठी व दुरुस्तीसाठी एका खाजगी कंपनीकडे सोपविला होता. दुरुस्ती होऊन तो खुला झाल्याला चार-पाच दिवसच झाले होते. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालाप्रमाणे एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या, म्हणजे त्या अपघाताच्या आधीच तुटलेल्या असण्याचा संभव होता. नव्याने रंगलेल्या पुलाच्या दोरात जवळजवळ निम्म्या तारा निकामी! पण पहिल्या दोन दिवसांत अटक कोणाला झाली? नऊजणांना, आणि त्यांत तिकिटे फाडणारे दोन कारकून आणि तीन पहारेकरी होते. कंपनीचा प्रमुख तुरुंगात गेला तो तीन महिन्यांनंतर. तिकीट विकणाऱ्याला तार गंजली आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता आणि कळले असते तरी पूल बंद करण्याचा अधिकार त्याला नव्हता.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. त्या पुलाचीही रीतसर तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती हव्या असलेल्या पुलांत त्याची गणना होती. कॉमेटच्या नमुन्याचा धडा येथे पुन्हा आठवतो. तपासणीचा कागद आणि तपासणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. तपासणीचे कामही सर्वांत कमी दराच्या निविदेने द्यायचे म्हटले, तर स्वस्त तपासणीच पदरात पडणार.

पुलावरचे मरण निदान सर्वांना दिसते. कारखान्याच्या भिंतीआड प्रेसचा दांडा तुटून कामगाराचा हात जातो, तेव्हा साक्षीदाराचे काय होते? उत्पादन थांबू नये म्हणून यंत्र तातडीने दुरुस्त केले जाते आणि मोडलेला भाग भंगारात जातो. तो भाग मालकाची मालमत्ता समजला जातो. तो एकदा वितळला की उरते ती फक्त जखमी कामगाराची जबानी, आणि तिच्यासमोर 'यंत्र सुस्थितीत होते' असा नोंदवहीतला शेरा.

एका बाबतीत मात्र आपल्याकडे जुना आणि शहाणपणाचा दाखला आहे. रेल्वे सुरक्षिततेची तपासणी करणारे अधिकारी पूर्वी रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. जो गाड्या चालवतो तोच अपघाताचा न्याय करतो, हे योग्य नाही, म्हणून १९४१ मध्ये ते खाते रेल्वेपासून तोडून टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. त्यांच्या शिफारशींची अंमलबजावणी अखेर रेल्वे प्रशासनाच्याच हाती असते, ही उणीव मोठी आहे. तरीही तत्त्व बरोबर आहे. अमेरिकेतही वाहतूक अपघातांचा तपास करणारे मंडळ १९७५ मध्ये वाहतूक खात्यापासून पूर्ण अलग करण्यात आले, ते याच कारणाने.

हे तत्त्व पुलांना, कारखान्यांना आणि खाजगी कंत्राटांनाही लागू केले पाहिजे. मोडलेला भाग अपघाताच्या क्षणापासून सार्वजनिक ताब्यात गेला पाहिजे आणि तो नष्ट करणे हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा ठरला पाहिजे. तपास करणारी संस्था त्या मालकाच्या वा खात्याच्या पैशावर अवलंबून नसावी. तिच्या कामात कामगारांच्या प्रतिनिधीला जागा असावी, कारण यंत्राचा आवाज बदलला हे पहिल्यांदा त्याच्या कानाला कळते. अहवाल ठराविक मुदतीत, लोकांना वाचता येईल अशा भाषेत, प्रसिद्ध झाला पाहिजे. आणि त्या अहवालात तडा कोठून निघाला एवढेच नको. तो तडा घेऊन ते यंत्र वापरात ठेवण्याचा निर्णय कोणी, केव्हा आणि किती पैसे वाचविण्यासाठी घेतला, हेही त्यात हवे.

देखभालीवरचा खर्च कापणे हे कोणत्याही अंदाजपत्रकात सर्वांत सोपे असते. वाचलेला पैसा त्याच वर्षी दिसतो. त्याची किंमत पुढे केव्हातरी, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी चुकती होते. बचत करणारा आणि किंमत मोजणारा हे दोघे जोपर्यंत वेगळे आहेत, तोपर्यंत केवळ चांगले पोलाद शोधून अपघात थांबणार नाहीत. धातूची साक्ष नोंदवून घेण्याचे काम अभियंते करीत आले आहेत. त्यापुढचा प्रश्न विचारण्याचे काम कामगार संघटनांचे, नगरपालिकांत निवडून गेलेल्या कार्यकर्त्यांचे आणि या देशातील सुजाण नागरिकांचे आहे. आपल्या गावातील पुलाची शेवटची तपासणी केव्हा झाली, ती कोणी केली आणि तिचा अहवाल कोठे वाचावयास मिळेल, या तीन प्रश्नांपासून त्या कामाला उद्याच आरंभ करता येईल.